चौदा नंबरचं पिंप

शनिवार, ९ मे

आलो एकदाचा. ही वही हॉटेलचीच. वर सोनेरी अक्षरांत नाव आहे आणि कागद इतका गुळगुळीत की शाई वाळत नाही. अडतीस वर्षं याच इमारतीत मी पिंपांची वही लिहिली. कोणत्या पिंपातून किती काढलं, कोणत्यात किती भरलं, हवा पूर्वेची होती की समुद्राकडची. ती सवय जात नाही, म्हणून आता स्वतःचंच लिहितो.

यायचं माझ्या मनात नव्हतं. बोर्हाचा फोन आला. बोर्हा म्हणजे आमच्या जुन्या मालकांचा नातू. मी जिथे मुकादम होतो त्या वाइनच्या कोठाराच्या अर्ध्या भागाचं त्याने हॉटेल केलंय. म्हणाला, "मुकादमकाका, मागच्या दालनात तुमच्या हातची तीस पिंपं आहेत. मला तिथे जेवणघर करायचंय. चांगली असतील ती पुढच्या दालनात आणू, बिघडली असतील ती व्हिनेगरवाल्याला देऊन टाकू. एकोणीस तारखेला त्याची गाडी येतेय. निवाडा तुम्हीच करा. दहा दिवस आमच्याकडे राहा, मस्त आराम करा."

माझी मुलगी रेमे म्हणाली, जाच. फेब्रुवारीतल्या तापानंतर मी खंगलोय असं तिचं म्हणणं. खंगेन नाही तर काय! तेव्हापासून तिचा स्वयंपाक पार बिघडलाय. मसुराची आमटी काय, मासे काय, सगळ्याला जळक्या रबराचा वास. तसं म्हटलं तर रडायला लागली. पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि आमटीवरून रडते.

खोली मोठी आहे. इथे पूर्वी आम्ही पिंपं धुवायचो. आता न्हाणीघरात अर्धं पिंप कापून त्याचा टब केलाय. साठ वर्षं वाइन प्यालेलं ओकचं लाकूड, आणि लोक त्यात ढुंगण बुडवून बसतात. मला शिसारी आली. तोंड बेसिनवर धुतलं.

रविवार, १० मे

हॉटेलभर घाण वास आहे. जिन्यात, खोलीत, जेवणाच्या जागी, सगळीकडे तोच. काहीतरी जळल्यासारखा, रबर आणि केस एकत्र पेटवल्यासारखा. आणि पाहुणे मात्र हसतमुख! नाकं आहेत की खुंट्या?

न्याहारीला टोमॅटो लावलेला पाव, हॅम, कॉफी. कॉफी तोंडाजवळ नेली आणि ओकारी यायची बाकी राहिली. चारीला हाक मारली. चारी इथल्या खोल्या सांभाळते. आमच्याच गल्लीतली, लहानपणी आमच्या अंगणात खेळायची.

"ही कॉफी कशात केलीयेस? चपलेत?"

"काका, अख्खं हॉटेल हीच पितं."

"म्हणून तर सगळ्यांचे चेहरे असे झालेत."

"तुमचा पण आरशात बघा जरा," म्हणाली आणि कप उचलून गेली. आगाऊ आहे, पण काम चोख करते.

वासाचं मूळ शेवटी सापडलं. दर वळणावर भिंतीत एक पांढरी डबी बसवलीय. ती वास फवारते. बोर्हा म्हणाला, अंजीर आणि चामडं. वाइनच्या कोठारात अत्तर! माझ्या वेळी दाढीनंतर कोलोन लावून आलेल्या माणसाला मी दारातून परत पाठवत असे. बोर्हाच्या आजोबांनाही एकदा पाठवलं होतं. ते निमूट घरी जाऊन अंग धुऊन आले. तशी माणसं राहिली नाहीत.

सोमवार, ११ मे

चारीला दटावलं, त्या डब्या बंद कर.

"काका, त्या शुक्रवारपासून बंद आहेत. एका जर्मन बाईला शिंका येत होत्या, म्हणून मीच काढून ठेवल्या. हे बघा, वायरी लोंबतायत."

खरंच लोंबत होत्या. म्हणजे गटारच असणार. बोर्हाने प्लंबर बोलावला. तो दोन तास नळ्या ठोकत बसला आणि म्हणाला, काही नाही. त्याला काय कळतंय!

अंगणातल्या चमेलीच्या वेलाखाली पाहुण्या बायका डोळे मिटून उभ्या राहतात आणि आहाहा करतात. मीही जाऊन बघितलं. कसला वास नि कसलं काय. वेल शोभेचा असणार, असल्या जागी सगळंच शोभेचं. पान चुरगाळून पाहिलं तर ते खरं निघालं. खतं घालघालून वास मारलाय त्याचा.

मंगळवार, १२ मे

आज पिंपांकडे गेलो. आत पाऊल टाकलं आणि बरं वाटलं. पायाखाली ओली पिवळी माती, उंच खिडक्यांवर गवताच्या चटया, तीन ओळींत काळी पिंपं. खालच्या ओळीत सगळ्यांत जुनी वाइन. तिच्यातून थोडी काढायची आणि तेवढीच वरच्या ओळीतून भरायची. पिंप कधी पुरतं रिकामं होऊ द्यायचं नाही. म्हणजे खालच्या पिंपात माझ्या आधीच्या मुकादमाचे, त्याच्याही आधीच्याचे थेंब आहेत.

कुर्रो दारात टोपी काढून उभा होता. तीस वर्षं तो माझ्या हाताखाली होता. मी निवृत्त झाल्यापासून, सहा वर्षं, ही पिंपं तोच बघतो. बोलायला पहिल्यापासून महाकंजूस.

"कसा आहेस?"

"आहे."

"पिंपं?"

"तुम्हीच बघा, मुकादम."

बरोबर आहे. आमच्यात पद्धतच तशी. मुकादम वास घेतो, तोंडात थेंब घालत नाही. जीभ थकते, फसते, नाक फसत नाही. मुकादम वास घेताना कोणी बोलत नाही. मग तो पिंपावर खडूने खूण करतो. एक रेघ म्हणजे उत्तम, दोन म्हणजे बरी, फुली म्हणजे आजारी. व्हिनेगर हा शब्द कोठारात उच्चारायचा नाही, आजारी म्हणायचं. आणि मुकादमाचा खडू दुसऱ्याने पुसायचा नाही, मालकानेसुद्धा नाही.

कुर्रोने लांब दांड्याची पळी पहिल्या पिंपात सोडली आणि उंचावरून धार धरून पेला भरला. हात अजून स्थिर आहे त्याचा. मी पेला नाकाशी नेला.

मेलेलं. अक्रोड नाही, जुन्या लाकडाची ऊब नाही, काही नाही. वर तेच जळकं रबर. दुसरं तसंच, तिसरंही तसंच.

पाच पिंपांना पाच फुल्या मारल्या आणि बाहेर येऊन अंगणात बसलो. 

गुरुवार, १४ मे

काल गेलो नाही, धीर झाला नाही. आज उरलेली सगळी उरकली. तीस पिंपांपैकी सत्तावीसांवर फुली. दोनांवर दोन रेघा, त्याही दयेपोटी. अडतीस वर्षांचं काम या माणसाने सहा वर्षांत मातीत घातलं. मला त्याच्याकडे बघवेना.

एकच पिंप जिवंत निघालं, चौदा नंबरचं. पेला नाकाशी नेल्याबरोबर वाइन नाकात घुसली, टोचली, डोळे ओले झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जाणवलं. तिच्यात दम होता. मी एक रेघ ओढली, चांगली लांब.

मग राग अनावर झाला. तोच पेला काठोकाठ भरायला लावला आणि कुर्रोच्या हातात दिला.

"घे, पी! तुझ्या हातून वाचलेलं हे एवढंच आहे. वाइन म्हणजे काय ते आठवेल तरी."

त्याने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुकादम..."

"पी म्हणतो ना!"

प्याला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. लाज वाटली असणार, वाटायलाच हवी. पेला धुतला, पालथा घातला, टोपी घातली आणि निघून गेला.

शुक्रवार, १५ मे

बोर्हाला सगळं सांगितलं. त्याला दुःख व्हावं अशी माझी अपेक्षा होती. आजोबांची पिंपं आहेत. तो म्हणाला, "सत्तावीस? अरेरे," आणि लगेच फोनवर कुणाला तरी टेबलं किती बसतील ते विचारलं. किळस आली मला.

तरीही कुर्रोबद्दल बोललो. खोटं कशाला बोलू? याने पिंपांची हेळसांड केलीय, याच्या हाती आता एकही देऊ नका, असं सांगितलं. बोर्हाने ते कागदावर लिहून मागितलं, तेही दिलं.

"त्याला पेन्शनला दोन वर्षं आहेत, काका. पण तुमचा शब्द म्हणजे शब्द. या महिन्याअखेर मोकळा करतो त्याला."

झोपायला गेलो तरी चैन पडेना. उशा चार प्रकारच्या आहेत, कोणती घ्यायची ते एका कार्डावर लिहिलंय. चारही खाली फेकल्या.

कुर्रो चार वाजता डॉमिनो खेळायला येतो म्हणून अंगणात थांबलो होतो. आला नाही. बरंच झालं.

रविवार, १७ मे

काल नऊ आणि चौदा नंबरच्या पिंपांतून एकेक पेला काढून खोलीत आणून ठेवला होता. उद्या बोर्हासमोर दोन्ही धरायचे, मेलेलं कसं असतं आणि जिवंत कसं ते त्याला कळू दे म्हणून.

दुपारी खिडकी उघडी होती. चौदाच्या पेल्यावर चिलटं जमली. दहावीस तरी असतील. नऊच्या पेल्यावर एकही नाही. हाकलली, परत आली. पेल्यांच्या जागा बदलल्या, तर चिलटं चौदाच्या मागे गेली.

आजारी पिंपाच्या बुचाशी चिलटं आधी जमतात, मुकादम मागून येतो. हे मीच नव्या पोरांना शिकवलंय. पण चिलटांचं काय, गोड वासालाही येतात. जिवंत वाइन आहे म्हणून आली असतील.

इतक्यात चारी चादरी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"शी! काका, व्हिनेगर कशाला उघडं ठेवलंय? दारापासून वास मारतोय."

"तो शब्द इथे काढायचा नाही!"

"बरं बाई, नाही काढत. पण मग हे काय आहे?"

मी तिला बाहेर हाकललं. चादरी हातातून ओढून घेतल्या आणि पलंगावर फेकल्या. नंतर वाईट वाटलं. ती पोर माझ्या बायकोच्या, एन्कार्नाच्या, अंत्यविधीला खुर्च्या उचलत होती.

दोन्ही पेल्यांवर बशा झाकून ठेवल्यात. मी त्यांच्याकडे पाहत नाही.

सोमवार, १८ मे

सकाळी लवकर उठलो आणि नऊचा पेला तोंडाला लावला. अडतीस वर्षांत मुकादम म्हणून जे केलं नाही ते केलं.

चव काही लागली नाही. पण आंबट नव्हती. मी तोंडात घोळवली, जिभेच्या कडांवर, गालात. कोरडी, जड, गिळल्यावर छातीत ऊब. आंबटपणाचा लवलेश नाही.

मग चौदा. घोट घेतला आणि जबडा आवळला, डोळ्यांतून पाणी आलं, बेसिनकडे धावलो. निव्वळ व्हिनेगर. लिहिला मी शब्द. त्या दिवशी नाकाला टोचलं होतं ते हेच.

मग साबण हुंगला. बूट हुंगले, पॉलिशची डबी, दातांची पेस्ट, काल घातलेली बनियन. सगळ्यांना तेच जळकं रबर. खाली जाऊन चमेलीत तोंड घातलं, तर काहीच नाही. एक पाहुणी बाई मला बघून हसली, तिला वाटलं मीही रमलोय.

गटार नव्हतं. डब्या नव्हत्या. कॉफी ठीक होती. घाण माझ्या डोक्यात बसलीय, फेब्रुवारीतल्या तापाने आणून ठेवलेली, आणि मी दहा दिवस अख्ख्या हॉटेलावर नाक मुरडत फिरतोय.

रेमेला फोन केला.  म्हटलं, "आमटी चांगली असते तुझी."  ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?" म्हटलं, नाही. बरं नाहीये.

कुर्रोच्या घरी चालत गेलो. तो दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होता.

"तू प्यालास कशाला?"

"तुम्ही दिलंत."

"थुंकायचंस!"

"तुमच्यासमोर कसा थुंकू, मुकादम?"

"मग तोंडाने बोलायचंस! सत्तावीस पिंपं चालली होती. तुझी नोकरी चालली होती, गाढवा."

त्याने पाण्याचा डबा खाली ठेवला. "खडू तुमच्या हातात होता. आणि काय सांगणार होतो? तुमचं नाक गेलं म्हणून? मला तर पहिल्या पेल्यालाच कळलं. त्याच्यात बोट बुडवून चाटावं इतकी ती सुरेख होती, आणि तुम्ही फुली मारलीत. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जाऊन सांग त्यांना. मी म्हटलं, तू सांग, तुला भीती वाटत नसेल तर."

"सांगितलं असतंस तर मी तुला हाणलं असतं."

"तेच म्हणतो."

"आणि चौदाचं काय? ते पिंप खरंच आजारी?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. बूच सैल झालं होतं, माझ्या लक्षात आलं नाही. ते एक मात्र माझं." पाण्याचा डबा परत उचलत म्हणाला, "तुम्ही नेमकी त्याच्यावर रेघ ओढलीत."

त्याची बायको आतून बघत होती. कॉफी आणली. मी प्यालो. रबराची होती, तरी संपवली.

तिथून तडक बोर्हाकडे गेलो. तो पुढच्या दालनात पाहुण्यांशी बोलत होता. बाजूला घेऊन सांगितलं, फुल्या पुसायच्यात, उद्याची गाडी थांबव.

"काका, आता? सुतार आलेत, टेबलांची ऑर्डर गेलीय. आणि तुम्हीच तर सांगितलंत, मुकादमाचा खडू कोणी पुसत नाही. आजोबासुद्धा पुसत नसत."

"दुसरा कोणी पुसत नाही. मुकादम पुसतो."

"पण कारण काय? काहीतरी कारण लागेल ना. तुमच्या सहीचा कागद आहे माझ्याकडे."

त्याला वाटलं, मी सांगणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. पाहुणे बघत होते, चारी चादरी धरून जिन्यात उभी होती. या शहरात माणसं माझ्या नाकाची शपथ घेत असत.

"माझं नाक गेलंय," मी मोठ्याने म्हणालो. "फेब्रुवारीपासून. तीस पिंपांतलं एकही मला ओळखता आलेलं नाही. कुर्रोबद्दल लिहिलं तेही खोटं आहे. तो कागद दे इकडे."

बोर्हाने कागद दिला. पाहुण्यांना आमची भाषा कळली नाही, त्यांतल्या एकाने खेळ समजून टाळी वाजवली. चारी खाली आली, माझा हात धरला आणि मला खोलीपर्यंत सोडलं. 

मंगळवार, १९ मे

सकाळी ओलं फडकं घेऊन माझी प्रत्येक खूण मी पुसली. फुल्या, रेघा, सगळ्या. कुर्रो उभा होता. मग खडू त्याच्यापुढे धरला.

"मी नाही धरणार."

"धर. मी हुकूम देतोय. शेवटचा समज."

धरला. मी धार धरली, त्याने वास घेतला. माझा हात हलतो, अर्धी धार मातीत गेली, तरी तो गप्प राहिला. वास घेताना बोलायचं नाही हे मीच शिकवलंय. एक रेघ, एक रेघ, दोन रेघा, एक रेघ. एकोणतीस पिंपांवर एकही फुली नाही. कडेच्या दोन पिंपांपाशी तो बराच वेळ थांबला, मग दोन-दोन रेघा ओढल्या. माझ्या दयेपोटीच्या त्या दोन रेघा नेमक्या त्याच पिंपांवर होत्या. निदान तेवढं तरी. पण हे मी त्याला सांगितलं नाही, कारण नाकाने नव्हतं कळलं ते, नशिबाने होतं.

चौदापाशी आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फुली मारली.

दहा वाजता गाडी आली आणि एकच पिंप घेऊन गेली. ड्रायव्हर चिडला, एवढ्यासाठी इतक्या लांब बोलावलंत म्हणून. बोर्हाने पुढच्या दालनातले गुबगुबीत सोफे हलवायला माणसं लावली. चांगली पिंपं तिथे आणू, असा त्याचाच शब्द होता. कुर्रोला महिनाअखेरीचं काही बोलला नाही.

पिंप गाडीवर चढवण्यापूर्वी मी कुर्रोला म्हटलं, बूच काढ. पळी बुडवली आणि पेला स्वतःच भरून घेतला, काठोकाठ.

"मुकादम, काय करताय?"

 उभा राहून प्यालो, सावकाश, तो प्याला होता तसं. घसा जळला, पोट आवळलं, डोळ्यांपुढे काही दिसेना. अर्ध्यावर थांबलो आणि त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, राहू द्या म्हणेल.

म्हणाला नाही. टोपी काढून हातात धरली आणि उभा राहिला. मी उरलेलं प्यालो.